काकूंनी उघडून पाहिलेली भट्टी

धारावीच्या कुंभारवाड्यात मडकी भाजायच्या ज्या विटांनी बांधलेल्या भट्टीवर मी काम करतो, ती माझ्या मालकिणीपेक्षाही जुनी आहे. मालकीण गुजराती, तिला सगळे बा म्हणतात. कधीमधी फोटो काढणारे येतात, काळ्या पडलेल्या भिंतींना हात लावून किती जुनी, किती जुनी करत राहतात. बा त्यांना म्हणते, "मी पण जुनी आहे, माझा पण काढ ना." आजूबाजूच्या चौकांतल्या बऱ्याच भट्ट्या बुजल्या, त्यांच्या जागी खोल्या चढल्या. आमची टिकली, कारण ती तीन घरांची मिळून आहे आणि त्या तीन घरांचं कशावरच एकमत होत नाही. पाडण्यावरही नाही.

मी भंडाऱ्याकडचा. घरचा धंदा हाच, पण आमचा आवा, म्हणजे गावची भट्टी, मी आठवीत असताना मोडला आणि शाळाही तेव्हाच सुटली. मुंबईत आलो तेव्हा परळच्या चाळीत एका मालवणी काकूंनी पोटमाळा दिला, आणि न मागता जेवणही. त्यांच्या उपकारांची मला सतत धास्ती वाटते. एवढं चांगलं कुणी उगाच वागत नसतं, आपल्या हातून काहीतरी बिघडेल आणि हे सगळं जाईल, असं मनात चालूच असतं. म्हणून काकूंनी काही म्हटलं की मी हो म्हणून मोकळा होतो.

अशाच एका 'हो'मधून सुगडं निघाली. संक्रांतीला बाजारात मिळतात त्यातली बरीच लाल मातीची, वरून काळा रंग फासलेली. आत बोरं, हरभरे, उसाचे तुकडे भरेपर्यंत बोटं काळी होतात. काकूंनी चाळीतल्या बायकांना परस्पर सांगून टाकलं, "औंदा बाजारची नको. आमचो झील करतलो. खरी काळी." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. बायका खूश. कुणी बाजारात गेलंच नाही. म्हणजे माझी सुगडं बिघडली तर सगळ्या मजल्याची संक्रांत अडणार आणि काकूंचा शब्द जाणार. हे कळल्यावर मी बाला जाऊन सांगितलं.

बाने भट्टी लावायची आपली पाळी मला दिली. "घे, लाव तू भट्टी. बिघडली तर रडायचं नाही, दीकरा. मला रडका माणूस चालत नाही, धूर चालतो."

सकाळी शेजारच्या घरांना वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सांगितलं आणि भट्टी पेटवली. पूर्वी इथे गिरण्यांमधला टाकाऊ कापूस जाळायचे, आता शिवणकामाच्या चिंध्या. सुगडं तापून लाल झाली तसा वरून ओला भुसा टाकला, खापरांनी झाकलं आणि राख-चिखलाने सगळ्या फटी लिंपल्या. काळा रंग असाच येतो. धूर आत कोंडायचा, तो मातीत मुरतो. थंड होईपर्यंत वारा आत जाता कामा नये, गेला की तेवढी जागा परत लाल.

बा जेवायला घरात गेली आणि काकू आल्या. माझा डबा घेऊन, परळहून, टॅक्सीने. भट्टीभोवती फिरल्या. "माझो घोव कामाक होतो त्या गिरणीचो कापूस येय हय," नवऱ्याच्या आठवणीने म्हणाल्या. मग खापरांकडे बघत, "झाला काय रे?"

"उद्या कळेल, काकू."

"उद्या? अरे, झाकण काढल्याशिवाय शिजला काय नाय ता कसा कळतला? वायच बघूया."

बघायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण डबा माझ्या हातात होता, आणि तो गरम होता. काकूंनी पदराने धरून एक खापर उचललं. आतून धूर आला. "काय दिसत नाय." मग दुसऱ्या बाजूचं उचललं. मग पहिलंच परत, कारण मघाशी नीट बघितलं नव्हतं. मी मागोमाग चिखल घेऊन लिंपत फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी उघडली. खालची सुगडं काळी कुळकुळीत. वरच्यांवर लाल पट्टे. बाने एकेक हातात घेऊन मला वाचून दाखवलं. "हे बघ, इथून बघितलं. हे, इथून पण बघितलं. हे तर दोनदा बघितलं." तिला हसू आवरेना, मी पट्टेवाली मागे सरकवत होतो.

चाळीत काकूंनी गॅलरीत सुगडं मांडली, पट्टेवाली भिंतीकडे तोंड करून. समोरच्या खोलीतल्या वहिनींनी एक फिरवलंच. "ही रुसलीत का हो?"

"गालबोट ता," काकू म्हणाल्या. "काळ्याक लाल लावतत."

"एवढी गालबोटं? दृष्ट लागणार होती तरी कुणाची?"

माझीच चूक असं सांगायला मी तोंड उघडलं. त्याआधीच काकू म्हणाल्या, "माझी. माकाच धीर धरवाक नाय. भट्टीत डोकावलंय मी."

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. वहिनी म्हणाल्या, "तरीच. तुम्ही आमच्या कढईत डोकावता ना, त्या दिवशी आमचंही असंच होतं." सगळ्यांनी काळी निवडून घेतली, ती सर्वांना पुरली. पट्टेवाली उरली ती काकूंनी आत नेली आणि संक्रांतीला तीच पुजली. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई आधी सुगडं बघायला आत जात होती. काकूही न कंटाळता दाखवत होत्या, कुठलं कुठून बघितलं त्यासकट.

त्यातलंच एक त्यांनी तीळगूळ भरून बासाठी पाठवलं. बाने तीळगूळ खाल्ला, सुगड भट्टीच्या कठड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी काकूला बोलव. तिला आपण भट्टी थंड झाल्यावर टॅक्सी पाठवू."