कामतघरचे मास्टर आणि माझा बूम

मास्टरांच्या कानात सांगितलेली गोष्ट भिवंडीतल्या कामतघरच्या नाक्यापर्यंत ऐकू जायची. चाळीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, आणि ज्याचे कान जातात त्याला वाटतं की जगाचेच गेले आहेत. मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो रे उतरलो की त्यांच्या शेडमधून आरोळी यायची, “सर! ह्या रविवारी खाडीत किती वेळा पडलात?” मी बोटांनी चार दाखवायचो. “चारच? मग सुधारणा हाय!” आणि ज्यांना माझ्याबद्दल थोडाफार आदर होता, अशा माझ्या दोन माजी विद्यार्थिनी दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावायच्या.

मी शाळेत इतिहास शिकवतो. पंचेचाळिशीला लोक गुडघ्याला पट्टा लावतात; मी कमरेला हूकवाला पट्टा लावला आणि विंडसर्फिंग सुरू केलं. विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहायचं, फळीत रोवलेलं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा जिकडे नेईल तिकडेच आपल्याला जायचं होतं असा चेहरा करायचा. शीड धरायला त्याच्या दोन्ही अंगांनी वळलेला नळीचा दांडा असतो, तो बूम. बूमला दोन्ही बाजूंना दोरीचे लोंबते फास असतात, त्या हार्नेस लाइन. कमरेचा हूक त्या फासात अडकवला की वाऱ्याची सगळी ओढ हातांऐवजी अंगावर येते. फास जागेवर असतील तर हात सोडले तरी चालतं. जागेवर नसतील तर काय होतं ते मास्टरांच्या गल्लीला विचारा.

माझा बूम भिवंडीच्याच एका गोदामात परदेशातून आलेल्या जुन्या मालात सापडला होता. मुठीवरचं रबर फाटलेलं, दोऱ्या कुजलेल्या, आणि दांडा लांब-आखूड करायची आतली नळी पक्की अडकलेली. कुणीतरी म्हणालं, नळी आणि दोरी दोन्ही कळणारा माणूस एकच. मास्टर लूमचे फिटर होते. ज्या शेडमध्ये त्यांनी आयुष्य काढलं तिथले लूम मालकानं विकून टाकले होते, आणि रिकाम्या शेडमध्ये मास्टर आणि त्यांची हत्यारांची पेटी एवढंच उरलं होतं. त्यांनी बूम हातात घेतला, आंधळा माणूस नातवाचा चेहरा चाचपतो तसा चाचपला आणि विचारलं, “ही मशीन चालते कशावर?”

“वाऱ्यावर.”

“म्हणजे लाइट गेली तरी बंद पडत न्हाय,” मास्टर म्हणाले आणि बूमच्या प्रेमात पडले.

प्रेमात पडल्यावर त्यांनी जे केलं ते भिवंडीचा कुठलाही फिटर करील. त्यांनी त्याला तेल दिलं. लूमवाल्या माणसाचा तेलावर जेवढा विश्वास असतो तेवढा बायकोवर नसतो. मी बूम खाडीवर नेला, वाळू त्या तेलाला चिकटली, आणि एका दुपारीत आतली नळी अशी बसली की मागची अडकण परवडली. मास्टरांनी ती गरम पाण्यानं आणि लाकडी हातोडीनं तीन दिवसांत सोडवली. “तेल चालत न्हाय अशी वस्तू मी पयल्यांदा बघितली,” ते गल्लीला उद्देशून गरजले. “हिला फक्त गोडं पाणी पायजे. नवरीच हाय!” तेव्हापासून नळाला पाणी यायच्या वेळी बायकांच्या हंड्यांच्या रांगेत मास्टर बूम घेऊन उभे राहू लागले. बाया म्हणायच्या, “मास्टर, पोराला अंघोळ घालताय काय?” ते मन लावून नळीतली वाळू धूत राहायचे. त्यांना ऐकूच जायचं नाही, किंवा सोयीनं जायचं नाही.

फास लावायचं काम आलं तेव्हा त्यांनी बूम शेडच्या लोखंडी तुळईला दोन्ही टोकांनी टांगला आणि मला हूक अडकवून त्याला लटकायला लावलं. इतिहासाचा शिक्षक जमिनीपासून वीतभर वर, पाय वाकवून, लोंबकळतो आहे. दोरीची लांबी त्यांनी आधी स्वतःच्या कोपरापासून पंजापर्यंत घेतली होती. मास्टर माझ्या खांद्याला लागत. त्यामुळे माझं नाक बूमला टेकलं. “सर, तुमचा हात लांब हाय,” त्यांनी दोष माझ्यावर ढकलला. मग माझं कोपर फासात ठेवून, पंजा बूमला लावून नव्यानं माप घेतलं. त्यांची बायको, आमची चाची, चहा घेऊन आली, दारात थबकली आणि म्हणाली, “बकरीदला अजून येळ हाय ना?”

त्याच दिवशी चाचीनं मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. मुलगा इम्तियाझ पुण्याला. तो म्हणत होता, अम्मी-अब्बांनी कायमचं तिकडे यावं. मास्टरांनी शब्द दिला होता, हातातलं शेवटचं काम संपलं की निघतो. शेवटचं काम म्हणजे माझा बूम. “सहा महिने झाले, सर. नात चालायला लागली. हा तुमचा पाइप कधी व्हायचा?”

मास्टरांनी तेवढं मात्र ऐकलं. “घाई केली की नळी तडकते!”

“मी तडकीन आता,” चाची म्हणाली.

मग माझ्या ध्यानात यायला लागलं. दर शनिवारी नवीन दुखणं निघायचं. कधी मुठीच्या रबराखाली गंज आहे का ते बघायचं म्हणून चांगलं बसलेलं रबर उतरवलेलं असायचं. कधी पुढची पकड ढिली वाटते म्हणून सुटी केलेली असायची. मास्टर त्या भल्या मोठ्या रिकाम्या शेडमध्ये मांडी घालून बसलेले, पुढ्यात बूमचे तुकडे, आणि चेहरा असा की अजून दोनशे लूम चालू आहेत. मीही रविवारी कुणाच्या तरी उसन्या बूमवर भागवायचो. खरं सांगायचं तर मलाही शनिवारचा चहा आवडायला लागला होता.

पण मार्चात दुपारचा वारा सुटला आणि माझा धीर सुटला. मास्टर कोन गावाला लग्नाला गेले होते. चाची म्हणाली, “न्या, सर. मी बघते काय करायचं ते.” बूम पूर्ण जोडलेला दिसत होता. मी खारबावच्या खाडीवर गेलो, शीड उभारलं, हूक अडकवला आणि खाडीच्या मध्यावर पोचलो. तिथे दांड्याची एक बाजू आतल्या नळीतून सरळ बाहेर आली आणि शीड ओल्या चादरीसारखं माझ्या अंगावर पडलं. ओहोटी लागली होती. मी फळीला मिठी मारून कांदळवनाच्या दिशेनं वाहत निघालो. मासेमारीच्या होडीतल्या दोघांनी मला वर ओढलं, तोवर मी पोटभर खाडी प्यायलो होतो. निघताना बूम नीट तपासायला हवा होता. पण इतिहासवाल्याला मागचं तेवढं दिसतं.

संध्याकाळी मास्टर लग्नाहून परत आले. मी शेडमध्ये टॉवेल गुंडाळून बसलो होतो. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक बोटभर खिट्टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. नळी जागेवर धरून ठेवणारी खिट्टी. आणि त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला.

“ही खराब न्हवती, सर. मीच काढून ठेवली व्हती. ही लावली असती तर काम संपलं असतं.”

चाची चहा ठेवायला आत गेली.

आठ महिन्यांचं काम मास्टरांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरकलं. मग रिक्षा केली, चाचीला बसवलं, बूम आडवा धरून तिघं खारबावला. काठावर वाऱ्यात शीड उभं करून त्यांनी मला हूक अडकवायला लावला. “कुठला हात जड?” “मागचा.” फास दोन बोटं मागे. “आता?” “अजून थोडा.” अर्धं बोट. “जा.”

मी गेलो. आणि मध्यावर, काल जिथे बुडालो होतो तिथेच, मला कळलं की दोन्ही हातांना काहीच ओढ नाही. मी हात सोडले. भर वाऱ्यात, पोटासकट, कमरेवर टेकून उभा राहिलो आणि सर्कशीतल्या माणसासारखे दोन्ही हात हवेत फिरवले.

परत येताना मला मास्टर नसलेली रिकामी शेड डोळ्यांपुढे दिसायला लागली. काठावर उतरलो आणि शक्य तितका गंभीर चेहरा करून ओरडलो, “मास्टर, डावीकडे अजून थोडं ओढतंय! शेडमध्ये नेऊन बघायला लागेल!”

मास्टरांनी डावीकडचा फास एकदा ओढून बघितला.

“सर, दोन्ही हात सोडून नाचत व्हता तुम्ही. मला ऐकू येत न्हाय. दिसतं.”

मग त्यांनी माझ्या ओल्या खांद्यावर एक थाप मारली, फोन काढला आणि सगळी खाडी दचकेल अशा आवाजात म्हणाले, “इम्तियाझ! शनिवारी गाडी घेऊन ये. हां. दोघं. दोघं!”

फोन ठेवून वळले तर चाची माझ्या शिडाआड जाऊन डोळे पुसत होती.

“आता का रडतेस?” मास्टर गरजले. “आठ महिने तूच मागं लागली व्हतीस ना!”

“तुम्ही टाळत व्हता तेव्हा मागं लागणं बरं व्हतं,” चाची म्हणाली.