दोन्ही हात मागे

साहेबराव सरवदे पहिल्याच महिन्यात तीनशे बारा वेळा मेले. प्रत्येक वेळी मेल्यावर फोन स्वतःहून आकडा दाखवायचा, त्यामुळे मनातल्या मनात खोटं बोलायचीही सोय नव्हती. साठीचा माणूस, पस्तीस वर्षं पॉवर प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढून निवृत्त झालेला, आणि तो सकाळी दहा वाजता भोसरीतल्या आपल्या घरात ओट्याशी खुर्ची ओढून मोबाइलवर मारामाऱ्या करत बसतो, हे शेजारपाजारी कळलं असतं तर लोकांनी पोट धरून हसून घेतलं असतं. म्हणून ते आवाज बंद करून खेळायचे.

खेळाचं नाव 'बारा दारं'. त्यात एक बुटकी, चपळ पोरगी असते. प्रत्येक खोलीत दोन-चार दांडगे तिच्या अंगावर येतात, त्यांना लाथाबुक्क्यांनी लोळवायचं आणि मग दार उघडायचं. दारालाही काहीतरी मेख मारून ठेवलेली. कुठे दगड सरकवायचे, कुठे साखळ्या नेमक्या क्रमाने ओढायच्या. चुकलात की मेलात, आणि मेलात की पुन्हा पहिल्या खोलीत. शिकलेला एखादा डाव तेवढा अंगात राहतो, बाकी कमाई साफ. वर खोल्यांचा क्रम दर वेळी वेगळा. असला छळ लोक हौसेने सोसतात हे साहेबरावांना काही केल्या पटत नव्हतं. त्यांना खेळात रसच नव्हता. त्यांना बारावं दार उघडायचं होतं, कारण त्याच्या पलीकडे खेळ बनवणाऱ्यांची नावं येतात आणि त्यात मिनलचं नाव होतं.

मिनल ही त्यांची एकुलती एक लेक. इंजिनिअर झाली, हिंजवडीत मोठ्या कंपनीत लागली, गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा घालून जायला लागली तेव्हा साहेबरावांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. दोन वर्षांत तिने ती नोकरी सोडली आणि ताथवड्याला आठ पोरापोरींनी मिळून काढलेल्या एका ऑफिसात खेळ बनवायला गेली. ज्या दिवशी तिने हे सांगितलं त्या दिवशी साहेबराव जेवता जेवता म्हणाले, "खेळणी बनवायला इंजिनिअर केलं का तुला?" बायको हयात असती तर तिने पटकन भाकरी वाढून विषय बदलला असता. पण ती जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मिनलने जेवण संपवलं आणि दोघांची ताटं घासली. पुढच्या महिन्यात तिने ताथवड्याला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला. जाण्यायेण्यात फार वेळ जातो, म्हणाली. ह्याच भोसरीतून साहेबराव बारा वर्षं रोज चाकणला गेले होते. कारण अंतर नाही, हे त्यांना कळत होतं.

जाताना तिने स्वतःचा जुना फोन त्यांना दिला. "ह्यात आमचा खेळ आहे पप्पा, अजून बाजारात आलेला नाही. सगळ्यात शेवटी आमची नावं येतात. नको असला तर काढून टाका." साहेबरावांनी मान डोलावली. खेळ काढला नाही, आणि खेळतो असंही कधी सांगितलं नाही.

तिचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, पाणी येतंय का. हो, घेतली, येतंय. दोन मिनिटांत दोघांकडचं बोलणं संपायचं, आणि मग आठवडाभर साहेबरावांना बोलण्यासारखं बरंच काही सुचत राहायचं. पहाटे पाचला जाग यायची. दाढी व्हायची. साडेसहाला कोपऱ्यावर कंपनीच्या बस लागल्या की ते गॅलरीत उभे राहून बघायचे. जेवण ते डब्यात भरून ठेवायचे आणि बरोबर साडेबाराला उघडायचे. ताट घेऊन एकट्याने बसलं की ताट फार मोठं वाटायचं.

तर ते इतके का मरत होते? डोकं चांगलं चालायचं. साखळ्या, दगड, चाकं असली दारं ते झटक्यात उघडायचे. नडायचे ते हात. फोन ओट्यावर आडवा ठेवून ते दोन्ही तर्जन्यांनी खेळायचे, आणि एक फटका मारला की दोन्ही हात उचलून छातीशी घ्यायचे. दर फटक्याला. शत्रूचा वार अडवायचा तर दोन्ही बोटं दाबून धरावी लागतात. ह्यांची बोटं तेव्हा हवेत. शत्रू खुशाल येऊन हाणून जायचा.

ही प्रेसची खोड. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांना दोन, चांगली लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्रा कापतो, म्हणजे हात मध्ये राहायला नको. कामाच्या घाईत लोक एक बटण पट्टी लावून दाबून ठेवत आणि एका हाताने काम उरकत. साहेबरावांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची तीन बोटं अशीच गेली. साहेबरावांनी पट्टी कधी लावली नाही. उलट, दर ठोक्याला दोन्ही हात छातीशी घ्यायचे आणि ठोकळा वर जाऊन हिरवा दिवा लागेपर्यंत तसंच थांबायचं, हा त्यांनी स्वतःचा नियम केला. लाईनवरची पोरं म्हणायची, "सरवदे मामा मशीनला जयभीम घालतात राव." घालू दे. दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झालेला त्या लाईनवरचा तो एकटा माणूस होता. पण आता तीच खोड मोडायची म्हटलं तर मोडेना. चार महिन्यांत आकडा अकराशेच्या वर गेला.

मग एका मंगळवारी पाचव्या खोलीत त्यांना कधी न दिसलेलं दार लागलं. लोखंडाची जाड लादी. पडद्याच्या दोन टोकांना दोन गोल. बाकी काही नाही, सूचना नाही, खूण नाही. त्यांनी दोन्ही गोल एकदम दाबले आणि सवयीने हात छातीशी घेतले. लादी धाडकन खाली आली, तळाला टेकली आणि हळूहळू वर जायला लागली. वर पोचण्याच्या जरा आधी अडखळली, मग पोचली. कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा लागला.

साहेबरावांचे हात छातीशी होते ते तिथेच राहिले.

त्यांना कंपनीचा फॅमिली डे आठवला. मिनल तेव्हा सात वर्षांची. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर आईचा हात धरून ती तासभर त्यांना बघत उभी होती. त्यानंतर कित्येक दिवस ती जेवायला बसली की ताटाच्या दोन बाजूंना हात आपटायची, झटकन छातीशी न्यायची आणि विचारायची, "पप्पा, दिवा लागला?" ते म्हणायचे, "लागला. घे घास."

त्यांनी पुन्हा दाबलं, हात मागे घेतले, दिव्याची वाट पाहिली. तिसऱ्या ठोक्याला दार उघडलं. त्यांचे डोळे भरून आले आणि पुढच्या खोलीत शिरताच कुणीतरी त्या पोरीला लोळवलं, तेही त्यांना धड दिसलं नाही.

कामाच्या दिवशी त्यांनी मिनलला कधी फोन केला नव्हता. तिने पहिल्याच रिंगला उचलला. "पप्पा? काय झालं? बरं आहे ना?"

"बरंय गं. दार उघडलं."

"कुठलं दार?"

"लोखंडी. हिरव्या दिव्याचं."

पलीकडे ऑफिसातली बडबड ऐकू येत होती.

"मिनू?"

"ते कुणालाच उघडत नाही पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळे दाबून धरतात. हात सोडायचं सुचतच नाही कुणाला. लादी अंगावर पडते." मग एकदम म्हणाली, "म्हणजे ते अकराशे वेळा मेलेले तुम्ही? माझ्या जुन्या फोनचा आकडा दिसतो इथे. आम्हाला वाटलं, तुम्ही फोन कुठल्या तरी लहान पोराला दिलात."

साहेबराव हसले. बऱ्याच दिवसांनी घरात आवाज झाला. मग त्यांना लहानपणीची ती ताटावरची गोष्ट बोलायची होती, 'खेळणी' म्हटल्याची माफी मागायची होती, आणि तोंडातून आलं ते भलतंच. "चांगलं बनवलंयस. वर जाताना जरा अडखळते बघ, तशीच अडखळायची माझी मशीन. हुबेहूब."

"आठवत होतं मला," मिनल म्हणाली. "पप्पा, पण ते दार पुढच्या आठवड्यात काढतोय आम्ही. लोक अडकतात आणि खेळच सोडून देतात. मी भांडले. सात जण एका बाजूला पडले."

"बरोबर आहे त्यांचं," साहेबराव म्हणाले. "ज्यानं कधी मशीन चालवली नाही, त्याला कसं कळावं?"

"तुम्ही अपडेट करू नका. फोन विचारेल, नको म्हणा. तुमच्याकडे राहील ते."

"बरं."

तिला कुणीतरी हाक मारली. ठेवते म्हणाली, आणि ठेवला. त्या रविवारी फोन नऊ मिनिटं चालला. त्याच्या पुढच्या रविवारी तीनच.

खेळ बाजारात आला तेव्हा त्यात ते दार नव्हतं. आता ते भोसरीतल्या एकाच फोनमध्ये आहे. रोज दहा वाजता फोन विचारतो, अपडेट करायचं का? साहेबराव नको म्हणतात आणि पहिल्या खोलीत शिरतात. मिनलचं नाव अजून बरंच लांब आहे. आठव्या दाराच्या पुढे ते कधी गेलेले नाहीत. पण आठ-पंधरा दिवसांतून एकदा ती लोखंडी लादी समोर येते. मग ते दोन्ही गोल दाबतात, दोन्ही हात छातीशी घेतात आणि त्या रिकाम्या घरात मोठ्याने म्हणतात, "लागला दिवा. घे घास."