जावयाच्या सुया

क्रेनवाल्याला जावयाचं तोंडसुद्धा बघायचं नसे. एक तर लेकीनं परस्पर जमवलेलं लग्न, त्यात याचा धंदा काय, तर अ‍ॅक्युपंक्चरच्या नावाखाली लोकांना सुया टोचायचा! "डॉक्टर कसला, शिंपी आहे मेला," असं तो गोदीवर भेटेल त्याला ऐकवायचा.

पण वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. रक्तदाब चढलेला निघाला तर क्रेनची केबिन सुटणार आणि खाली उभं राहून केबिनमधल्या दुसऱ्या कुणाला तरी हाताच्या खुणा करत बसावं लागणार. लेक हट्टालाच पेटली, तेव्हा दातओठ खात तो जावयाच्या खोलीत आडवा झाला.

जावयानं मनगटापाशी आणि गुडघ्याखाली सुया लावल्या. थोड्या वेळानं क्रेनवाला चक्क घोरायला लागला! उठल्यावर मोजलं तर दाब उतरलेला, नाडीही संथ. त्याचा तर जळफळाट झाला. गुण यायचा तो याच्याच हातून?

"बाबा, हे तेवढ्यापुरतं आहे," लेकीसमोरच जावई म्हणाला. "परत चढेल. दाबाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका."

"तू मला शिकवू नकोस!"

जावई म्हणाला घ्या, एवढं कारण पुरलं. घरी आल्याबरोबर त्यानं गोळ्या बंद केल्या. सुया मात्र टोचून घ्यायचा, आणि वर उतरलेला आकडा बघून मनातल्या मनात जावयाला खिजवायचा.

तपासणीला लेक सोबत आली. कंपनीच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला.

"अहो, कुठच्या कुठे गेलाय दाब! महिनाभर केबिन बंद. गोळ्या घेत नाही का?"

"बंद केल्यात."

"कुणाला विचारून?"

लेकीसमोर स्वतःची चूक कबूल करायची? छे! "जावयानं सोडायला लावल्या," तो ठणकावून म्हणाला.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं बोलताय बाबा. ते काय म्हणाले, ते माझ्या कानांनी ऐकलंय मी." पिशवी उचलून ती तरातरा निघाली.

"अगं, ऐक तरी!" तो मागोमाग धावला.

फाटकाशी ती वळली. क्रेनच्या खुणा तिला लहानपणी त्यानंच शिकवल्या होत्या. तिनं हात लांब केला, पंजा आडवा धरला. आहे तिथेच थांब.

जन्मभर ही खूण त्यानं कधी मोडली नव्हती. तो थांबला, आणि ती निघून गेली.