एका चालीचा मेव्हणा

उभ्या परभणी जिल्ह्यात माझ्या मेव्हण्यासारखा एका चालीनं चालणारा माणूस नाही, आणि त्याच्यासारखा दुसऱ्याची चाल मोजत बसणाराही नाही. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पालमच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता, आता रिटायर होऊन चुडाव्याला स्टेशनाजवळ राहतो. ऊन असो की चिखल, पायात लेस बांधायचे काळे बूट, मनगटावर घड्याळ, आणि चाल तासाला सहा किलोमीटर म्हणजे सहाच. वाटेत कुणी राम राम घातला तर हा चालता चालताच हात वर करतो. एकदा सख्खे चुलते समोरून आले, तरी थांबला नाही. त्या म्हाताऱ्यालाच उलटं फिरून त्याच्यासंगं पळावं लागलं. वर ह्याचं म्हणणं, "थांबलं की गणित नासतं, काका."

पालमला असताना एका मावशीनं विचारलं, "गाडी कवा येईल रे बाबा?" सरळ वेळ सांगावी की नाही? ह्यानं कागदावर आकडे मांडले. म्हणाला, "मावशी, बसून काय करता? चालायला लागा. तुमची चाल तीनची, गाडीची चाळीसची. चौथ्या किलोमीटरच्या दगडापाशी गाडी तुमाला गाठती." मावशी बिचारी निघाली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर येऊन तिनं ह्याचं सगळं खानदान काढलं. हा शांतपणे विचारतो, "दगडापाशीच गाठलं का न्हाई?"

"गाठलं की रे मुडद्या, पण घेतलं कुठं? भरून आलती, धूळ उडवून गेली!"

पुढं महिनाभर हा सगळ्यांना सांगत होता की उत्तर बरोबर आलं.

ह्याच्या पोरीला बघायला पाहुणे आले, तर पोहे यायच्या आधीच ह्यानं मुलाला कोडं घातलं. "एक जण सेलूहून सायकलवर निघाला बाराच्या चालीनं, दुसरा देवगाव फाट्याहून पायी, चारच्या चालीनं. भेटतील कुठं?" पोरगं म्हणालं, "मामा, फोन लावून विचारत्याल की एकमेकाला." हा दोन दिवस नीट जेवला नाही. पोरगी मात्र दिली.

मी तिसरी शिकलेला. मला गणित येत नाही, मला तडक चालता येतं. बायकोची चाल मुंगीची. आमच्या गावातून चुडाव्याचं स्टेशन सहा किलोमीटर. महिन्यातून एकदा तिच्या शुगरच्या गोळ्या आणायला तिथून रेल्वेनं पूर्णेला जायचो. मोटारसायकलीवर बसायला ती भ्यायची, म्हणून पायी. मी पुढं निघून जायचो, स्टेशनात वाट बघून वैतागायचो, आणि ती घामाघूम होऊन आली की खेकसायचो. मी तसाच होतो, खोटं कशाला सांगू.

बावीस वर्षांमागं मेव्हण्यानं त्यावर तोड काढली. "अक्का, तुझी चाल चारची, दाजींची सहाची. तू अर्धा तास आधी निघ. दोघं स्टेशनच्या फाटकात एकदमच पोचता." तसंच सुरू झालं. पहिल्या दिवशी हा पालमहून सुट्टी काढून फाटकात घड्याळ धरून उभा, आणि आम्ही दहा मिनिटं उशिरा. पुढच्या महिन्यात दहा मिनिटं. त्याच्या पुढच्या महिन्यातही दहाच.

"दाजी, तुमी वाटंत बिडी वढता."

"मी वढत न्हाई."

"मग अक्काची चाल खोटी सांगितली कुणी तरी."

ती पदर तोंडाला लावून हसायची. तिला कुणी विचारलंच नाही. ह्यानं सायकलच्या चाकानं वाट मोजली, नवं घड्याळ घेतलं. दहा मिनिटं काही सुटेनात. लोकांच्या गाड्या बरोबर गाठून देणाऱ्याला घरचं गणित सुटत नव्हतं, ह्याचा त्याला लय राग.

मागच्या पोळ्याआधी ती गेली. तेव्हापासून मी त्या वाटेला पाय लावला नाही. डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, आता लांबवलं तर डोळा जाईल. ऑपरेशन पूर्णेला. पोरं म्हणाली गाडीवर सोडतो. मी म्हणालो, बघू. दोनदा तारीख चुकवली.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी मेव्हणा आला, सहाच्या चालीनं. चहा पिता पिता एकदम म्हणाला, "दाजी, तुमी अक्काला गाठायचा कुठं?"

"वढ्याच्या पुलावर. कठड्यावर बसलेली असायची. चपलीत खडा गेला म्हणायची."

"दर खेपंला?"

"दर खेपंला."

त्यानं जमिनीवर बोटानं रेघ ओढली. पूल चार किलोमीटरवर. बराच वेळ रेघेकडं बघत राहिला. "तुमच्या दहा मिनिटं आधी पोचायची ती तिथं. माझ्या गणितानं तुमी तिला फाटकातच गाठलं असतं. बसली म्हणून फुडचे दोन किलोमीटर तिच्या चालीनं संगं चालणं झालं."

"खडा जायचा तिच्या चपलीत," मी म्हणालो.

"बावीस वर्षं, दाजी?"

  गणित सुटलं होतं, पण त्याचं तोंड काही गणित सुटल्यासारखं दिसेना.

सकाळी मी अंगणात उभा राहिलो, पाय उचलेना. तो बुटाच्या लेस बांधत म्हणाला, "मी अर्धा तास आधी निघतो. आता माझी चाल चारची. तुमी मागून या." काल सहानं आलेला माणूस एका रात्रीत चारवर कसा आला, ते मी विचारलं नाही. तो गेला. अर्धा तास झाल्यावर, कुणीतरी पुढं गेलंय म्हणून मी निघालो.

एका डोळ्यानं धूसर दिसत होतं. पुलाच्या कठड्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं, तशी माझी चाल वाढली. जवळ गेलो तर मेव्हणा. आयुष्यात कुणासाठी न थांबलेला माणूस, घड्याळाकडं न बघता बसला होता.

"बसलास का?" मी विचारलं.

"चपलीत खडा गेलता, दाजी."

मी खाली बघितलं. पायात बूट होते, लेस पक्क्या बांधलेल्या.

"काढलास का मग?" म्हणालो.

"काढला," म्हणाला, आणि उठला. पुढचे दोन किलोमीटर आम्ही कोणत्या चालीनं गेलो, ते दोघांनीही मोजलं नाही.