सहावी ‘ब’मधले लग्न

इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांना क्रमांक घालण्यात माझी तीस वर्षे गेली. ग्रंथपालाने स्वतः लिहू नये असा काही नियम नाही. तरी निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना पहिल्यांदा लिहायला बसले की, दुसऱ्या कुणाच्या राखीव खुर्चीत बसल्यासारखे वाटते. या आगाऊपणाबद्दल वाचकांनी मला आधीच क्षमा करावी. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार काही नाही. एक लग्न आहे, तेही बाहुल्यांचे, आणि ते माझ्यामुळे अर्ध्यावर थांबले होते.

आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी असे ठरले की महिन्यातून एका शुक्रवारी कोणी तरी कलावंत प्रत्यक्ष वर्गात यावा. सभागृहात, रंगमंचावर नव्हे, तर मुलांच्या बाकांमध्ये, हाताच्या अंतरावर. चित्रकलेच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मुख्याध्यापिकांनी विचारले आणि मला नाही म्हणता आले नाही. मला कधीच कुणाला नाही म्हणता येत नाही. हा स्वभाव पुढे या हकिकतीत महत्त्वाचा ठरतो, म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

पहिल्या महिन्यात एक तबलावादक आले, दुसऱ्या महिन्यात जलरंगात काम करणारी एक तरुण चित्रकर्ती आली. दोघांनीही घंटेच्या पाच मिनिटे आधी आटोपते घेतले आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या वेळी मला माझ्या घरमालकीण मावशींची आठवण झाली.

घणसोली गावात मी ज्या चार मजली इमारतीत भाड्याने राहते ती त्यांची. खालच्या ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्या भाडेकरूंची चौकशी करतात. जुन्या आगरी घरातल्या त्या. शेते गेली, इमारती आल्या, पण मावशींचे एक काम मात्र तसेच राहिले. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी धवलारीण गाण्यातून करते. जमिनीवर तांदळाच्या पिठाचा चौक भरते, देवांना एकेक करून नावाने बोलावते, नवरानवरीला बसवते, आणि शेवटी बोलावलेल्या देवांना मानाने परत पाठवते. हे सारे गाणे म्हणजे धवला, आणि तो मावशींना सबंध पाठ आहे. आणि एकाच धवल्यात गाणेही आहे, चित्रही आहे. माझ्या कामाला याहून योग्य काय असणार?

मी भीत भीत विचारले. मावशींनी सुपातले तांदूळ निवडता निवडता विचारले, “लगीन कोनाचा हाय?”

लग्न नाही, शाळेत मुलांना फक्त ऐकवायचे आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी मान हलवली. लग्न नसताना धवला म्हणायचा नसतो. त्यांच्या सासूने तसे सांगितले होते आणि त्यांनी ते आजवर पाळले होते. मी निराश होऊन जिना चढू लागले, तेव्हा मागून आवाज आला.

“पोरांना बावल्या करता येतात का?”

त्यातून सारे ठरले. कार्यानुभवाच्या तासांना सहावी ‘ब’च्या मुलांनी कागदाच्या लगद्याचे नवरानवरी केले. नवऱ्याला चष्मा हवा असा काही मुलांचा आग्रह होता, म्हणून त्याला तारेचा चष्मा लागला. वर्गाचे दोन भाग पडले: खिडकीकडचे नवरीचे, दाराकडचे नवऱ्याचे. मावशींची अट होती की मांडवाला लागते तशी उंबराची फांदी हवीच. ती मी शेजारच्या तळवलीहून रिक्षातून आणली. रिक्षावाला आरशातून पुन्हा पुन्हा पाहत होता आणि मी फांदीआड तोंड लपवून बसले होते. मावशींची दुसरी अट अशी, की एकदा हळद लागली की लग्न पूर्ण झालेच पाहिजे. मी शब्द दिला. मुख्याध्यापिकांकडून लागोपाठ दोन तास मागून घेतले होते. तेवढे पुरेसे होते.

तो शुक्रवार मी विसरणार नाही. बाके मागे सरकवली होती. मावशी ठेवणीतले लुगडे नेसून फरशीवर बसल्या आणि चिमटीतून पीठ सोडत त्यांनी चौक भरला. हात एकदाही थांबला नाही. एरवी फळ्याकडेही न पाहणारी मुले त्या चिमटीकडे पाहत राहिली. नवरीला हळद लावली. मग मावशींनी देवांना बोलवायला सुरुवात केली. गावदेवीला, खाडीला, तळवलीच्या देवाला. मग गाणे तसेच धरून त्यांनी मुलांकडे हात केला: अजून कोणाकोणाला बोलवायचे ते सांगा.

आमच्या वर्गात सगळीकडची मुले आहेत. कुणी साताऱ्याकडचे, कुणी सिंधुदुर्गातले, कुणी आझमगढचे. एकेकाने आपल्या गावचा देव सांगितला आणि मावशींनी तो त्याच चालीत गुंफून घेतला. पहिला तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी हलले नाही. नावे पुरी व्हायची होती आणि लग्न लागायचे होते.

त्याच वेळी मुख्याध्यापिका दारात आल्या. गणिताची चाचणी एक दिवस अलीकडे आली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितले, “बाई, दुसरा तास गणिताला लागणार असं दिसतंय. बघा काय जमतंय.” आणि त्या गेल्या.

मी मावशींजवळ जाऊन वाकले आणि म्हणाले, “मावशी, जरा थोडक्यात घ्याल का?”

मावशी गायच्या थांबल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठताना एवढेच विचारले, “देव बोलावल्यावर थोडक्यात कसा कराचा, बाई?” बाके पुढे आली, चौक पायांखाली पुसला गेला, आणि मुलांनी चाचणी लिहिली. हळद लागलेली नवरी आणि चष्मेवाला नवरा मी ग्रंथालयाच्या कपाटात, विश्वकोशाच्या खंडांशेजारी ठेवले.

पुढचे काही दिवस मी ओट्यावर मावशी नसतील अशी वेळ साधून ये-जा करीत असे. एकदा सापडलेच. त्या पाण्याच्या वेळेविषयी बोलल्या, वरच्या भाडेकरूच्या कुकरच्या शिट्ट्यांविषयी बोलल्या. लग्नाविषयी चकार शब्द काढला नाही. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मुले मात्र बोलत. मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या खिडकीशी येऊन विचारीत, “बाई, नवरी अजून कपाटातच आहे?” नवऱ्याकडचे रागावले आहेत, असा निरोपही एकदा आला. मी हसून टाळत राहिले. मग एके दिवशी साताऱ्याकडची एक मुलगी एकटीच आली. पुस्तक बदलून झाले तरी ती उभी होती. शेवटी तिने विचारले, “बाई, आमच्या गावची देवी अजून वर्गातच बसलीय का? तिला परत कुणी पाठवलंच नाही.”

मी सुशिक्षित आहे. या प्रश्नाला बुद्धिवादी उत्तर देता येते हेही मला ठाऊक आहे. पण त्या मुलीने माझ्या सांगण्यावरून तिच्या घरचे काही तरी वर्गात आणले होते आणि मी ते उघड्यावर ठेवून दार लावून घेतले होते. हे समजायला विश्वकोश लागत नाही.

त्याच दिवशी मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि नोकरीत पहिल्यांदाच एखादी गोष्ट हट्टाने मागितली: मला ते दोन तास परत हवेत. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिले.

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? मी ‘बघा’ म्हणाले होते, ‘थांबवा’ नव्हे. चाचणी दुपारी घेता आली असती.”

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्यांनी पुढच्या शुक्रवारचे दोन तास लिहून दिले. संध्याकाळी मी सरळ ओट्यावर गेले, मावशींची क्षमा मागितली आणि पुन्हा याल का असे विचारले. मावशी म्हणाल्या, की त्या येतील, पण सुरू करणार नाहीत.

“ज्यानी थांबवला त्यानीच परत उचलाचा. तवा पुढं जातो.”

मला वाटले त्या थट्टा करीत आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी कधी आभारही मानलेले नाहीत. आणि चाळीस मुलांसमोर गायचे? मी म्हटले, मला तो धवला येत नाही, आणि लग्न नसताना तुम्ही शिकवणार तरी कशा?

“लगीन नाय कसा? हळद लागली हाय ना पोरीला? अजून चालूच हाय.”

त्यांच्या हिशेबाने ते लग्न त्या शुक्रवारपासून अखंड सुरू होते. म्हणजे मला शिकवायला त्यांना मुभा होती. सबंध आठवडा शाळा सुटल्यावर आम्ही गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांमध्ये बसलो. मला चारच ओळी उचलायच्या होत्या. पण माझा आवाज घशाच्या वर येईना. मावशी पापड उलटता उलटता म्हणत, “आवाज पन कपाटात ठेवलाव काय?” कपडे वाळत घालायला आलेल्या एका भाडेकरणीने कुणाचे लग्न आहे म्हणून विचारले, तर मावशींनी गंभीरपणे सांगितले, “बाईंच्या पोरीचा.” मी अविवाहित आहे हे त्या भाडेकरणीला ठाऊक होते. ती बादली घेऊन हळूच खाली गेली.

त्या चार ओळी मी इथे लिहीत नाही. लग्न आता पूर्ण झाले आहे. लग्नाबाहेर त्या म्हणायच्या नाहीत, आणि लिहिणे हेही म्हणणेच असावे असे मी धरून चालते.

शुक्रवारी मावशींनी चौक पुन्हा भरला. नवरीची हळद वाळून भेगाळली होती. मुलींनी ती ओल्या बोटाने नीट केली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. पहिला शब्द निघाला, दुसऱ्यावर आवाज फाटला. मागच्या बाजूला कुणी तरी फिसकन हसले. मी थांबले असते. थांबण्याची मला सवयच आहे. पण चौकापलीकडे ती साताऱ्याची मुलगी बसली होती आणि तिचे ओठ माझ्यासाठी मागच्या वेळी ऐकलेला पुढचा शब्द जुळवत होते. मी चारही ओळी म्हटल्या. बेसूर म्हटल्या, पण पुऱ्या म्हटल्या.

“हां, उघडला कपाट,” मावशी म्हणाल्या आणि तिथून त्यांनी गाणे उचलून नेले.

लग्न लागले. मग देवांची पाठवणी सुरू झाली. प्रत्येक मुलाने आपल्या गावचे नाव घेतले आणि प्रत्येक नावासाठी मावशींनी चौकावर एक चिमूट तांदूळ सोडले. आपल्या नावाच्या वेळी त्या मुलीने हात जोडले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. ती फक्त दाराकडे पाहत राहिली, पाहुण्यांना सोडायला आल्यावर आपण पाहतो तशी. नावे अजून उरली होती, तेव्हा दुसरा तास संपल्याची घंटा झाली. दारात पुढच्या तासाचे शिक्षक उभे होते, हातात खडू आणि वह्यांचा गठ्ठा. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली: अजून नाही. त्यांनी बाहेरच बूट काढले आणि भिंतीला टेकून शेवटच्या नावापर्यंत थांबले.

नवरानवरी आता कपाटात शेजारी शेजारी आहेत. निवृत्तीच्या दिवशी मी ते त्या मुलांना परत देईन. तोवर ज्यांच्याशी हे बोलावे असे वाटते त्या वाचकांना मला एकच विचारायचे आहे. तुम्ही शाळेत असताना कोणी तुमच्या वर्गात, तुमच्यासमोर बसून गायले होते का, आणि घंटा झाल्यावर त्याला शेवटपर्यंत गाऊ दिले होते का?