कमलताईंचं ‘हो’

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही – खरं सांगते – एवढं सोडून बाकी सगळं बोलले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसला असता तर जीभ रेटलीच नसती.

मी नर्स. उमेदीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे, जिथे द्राक्षाच्या बागा सुरू होतात, तिथल्या एका शुश्रूषा केंद्रात इन्चार्ज सिस्टर म्हणून लागले. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं सांभाळायची. मी कडक होते. माझी चप्पल वाजली की आया पदर खोचून उभ्या राहायच्या. चादरीला सुरकुती दिसली की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. मला त्याचा अभिमान होता – अजूनही आहे, काय करणार?

कमलताई आमच्याकडे दोन वर्षं होत्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, गिळणं कठीण झालं आणि बोलणं तर गेलंच. एकच शब्द उरला – ‘हो’. पाणी हवं? हो. नको? हो. आज गुरुवार का? हो. शुक्रवार का? तरीही हो. मनात काय आहे ते डोळ्यांवरून आणि डाव्या हातावरून ओळखायचं. मला आणि जिजाबाईला ते येत होतं. जिजाबाई म्हणजे आमची सुरगाण्याकडची आया. कमी बोलणारी, हातानं हलकी. तिनं अंघोळ घातली की म्हातारी माणसं कुरकुरत नसत.

कमलताईंच्या उशाशी मी माझ्या हातानं पाटी लिहून लावली होती : ‘घास पातळ. पाठ ताठ. घाई नको.’ पाटी कुणाची ते लक्षात ठेवा.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. त्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी, त्यामुळे निम्मा स्टाफ त्र्यंबकला. रस्ते बंद, बदलीची माणसं आलीच नाहीत. त्या मजल्यावर मी आणि जिजाबाई, दोघीच. सकाळी कमलताईंसमोर तांदळाची पेज धरली तर त्यांनी तोंड घट्ट मिटलं. का, ते मला लगेच कळलं. आयुष्यभर त्यांनी श्रावणी सोमवार धरले होते. सोमवारी तांदूळ कसा चालेल? समजूत काढायची तर अर्धा तास हवा होता. राजगिऱ्याची पातळ लापशी करून आणता आली असती, पण त्यालाही वेळ हवा होता. मला अजून सात जणांना भरवायचं होतं.

स्वयंपाकघरात उपवास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी झाली होती. मी वाटीभर घेऊन आले. विचारलं, “कमलताई, खिचडी खाणार?”

त्या म्हणाल्या, “हो.”

बघा, मी काय केलं ते. ज्या बाईचं ‘हो’ म्हणजे काहीच नाही हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं, तिचं ‘हो’ मी त्या दिवशी खरं धरलं. कारण मला ते सोयीचं होतं. साबुदाणा मऊच तर असतो, असंही स्वतःला सांगितलं. मऊ असतो – आणि चिकट. नवशिक्या मुलीनं हे केलं असतं तर मी तिला उभं-आडवं झापलं असतं.

पलंगाचा पाठीकडचा भाग पूर्ण वर करायचा असतो. मी अर्धाच केला होता. तीन चमचे भरवले. चौथा तोंडात होता तेव्हा ऑफिसातला फोन वाजला. आणि मी उठले! घास गिळला का ते न बघता उठले. वाटी पलंगाशेजारच्या छोट्या कपाटावर ठेवली आणि जाता जाता न्हाणीघराकडे ओरडले, “जिजाबाई, इकडे लक्ष असू दे.” आत ती दुसऱ्या आजींना अंघोळ घालत होती, पाण्याचा आवाज होता. तिला ऐकू गेलं की नाही, हे बघायलाही मी थांबले नाही.

फोन कसला होता? कुणीतरी विचारत होतं, आज भेटायला यायला रस्ता सुरू आहे का. बस, एवढंच.

परत आले तेव्हा जिजाबाई ओल्या लुगड्यानं पलंगावर गुडघा टेकून होती. कमलताईंना तिनं कुशीवर वळवलं होतं, पाठीत थापा मारत होती, बोटानं तोंडातला साबुदाणा काढत होती. कमलताईंचे ओठ निळे झाले होते. माझी पाचावर धारण बसली. मग एकदम मोठा घर्र आवाज झाला, श्वास आला. गडबडीत खाली पडायला आलेली वाटी जिजाबाईनं हातात धरली – आणि नेमके तेव्हाच आमचे मॅनेजर दारात आले. महिन्याभरापूर्वीच लागलेला माणूस.

“हे कुणी भरवलं?” त्यांनी विचारलं.

मी खरं बोलायला तोंड उघडलं होतं. निदान मला तसं आठवतं. पण बाहेर आलं ते असं : “जिजाबाई, पाटी वाचता येत नाही का तुला?”

तिला खरोखरच वाचता येत नव्हतं. तेही मला माहीत होतं.

घास फुफ्फुसात उतरला होता. कमलताई दवाखान्यात राहून नाकात नळी घेऊन परत आल्या. मुलगा ठाण्याहून आला होता. वर्षातून एकदोनदा यायचा, हळवा होता. जिजाबाईनं सगळं साफ नाकारलं होतं, म्हणून मॅनेजर म्हणाले, आपण पेशंटलाच विचारू. सिस्टर, त्यांना तुमचं बोलणं कळतं, तुम्हीच विचारा.

प्रश्न मी निवडला. “कमलताई, खिचडी जिजाबाईनं भरवली का?”

त्या म्हणाल्या, “हो.” आणि त्यांचा डावा हात चादरीवर आपटू लागला, एकसारखा. मान हलत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलाला वाटलं, आईला त्या दिवसाची भीती आठवली.

जिजाबाई दारातून म्हणाली, “साहेब, त्या समद्यालाच हो म्हणत्यात. सिस्टरला ठाव हाय. सिस्टर, सांगा ना.”

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य बोलायचं होतं हो – एकच! मी म्हणाले, “तसं काही नाही. त्यांना सगळं कळतं.”

मुलाचा चेहरा किती उजळला! आईला सगळं कळतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवंच होतं. त्यानं माझे हात धरले, आभार मानले. ते हात मी सोडवून घेतले नाहीत.

जिजाबाई त्याच दिवशी गेली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पिशवी भरली आणि कमलताईंच्या पायांशी येऊन उभी राहिली. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, सोडेचनात. शेवटी मीच त्यांची बोटं एकेक करून उकलली. पुढे आया पुरवणाऱ्या एका बाईंचा मला फोन आला – जिजाबाई कामाला कशी आहे? मी म्हणाले, “चांगली आहे, पण…” त्या ‘पण’च्या पुढे मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. तिला तिथे काम मिळालं नाही. ती सुरगाण्याला परत गेली, एवढंच नंतर कानावर आलं. मी शोध घेतला नाही. सुरगाणा काही फार लांब नाही.

इतर आयांना कमलताईंचं ‘हो’ माहीत नव्हतं का? होतं. पण माझ्यासमोर कोण बोलणार? इतकी वर्षं कमावलेला दरारा शेवटी या कामी आला.

कमलताई संक्रांतीपर्यंत होत्या. मी नळीतून दूध घालायला गेले की त्या भिंतीकडे बघायच्या. जाण्याच्या थोडे दिवस आधी, एका दुपारी, खोलीत आम्ही दोघीच होतो. मला काय झालं कुणास ठाऊक. दार लावलं आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत पुन्हा विचारला. “कमलताई, खिचडी जिजाबाईनं भरवली का?”

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. त्या सोमवारी सकाळी पेजेला मिटलं होतं, तसं तोंड घट्ट मिटलं. मी वाट बघितली. खूप वेळ वाट बघितली. सगळ्यालाच ‘हो’ म्हणणारी ती बाई काही बोलली नाही. शेवटी मीच उठून दार उघडलं.

खिचडी मी भरवली होती. जिजाबाईनं त्यांचा जीव वाचवला होता.