मामांच्या अकरा कॅसेटी

जगात कुणावरही विश्वास न ठेवणारा आणि लाल दिव्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या हिचे कोरेगावचे मामा. रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर दांडे तेवढे तिकडे राहिले, बाकी सगळी रेल्वे मामा घरी घेऊन आले. जेवायला बसताना घड्याळ बघायचे, उठताना परत बघायचे. आधीचा पाहुणा गेल्याशिवाय नव्याला उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. मी स्वतः एकदा अंगणात पंधरा मिनिटं उभा होतो, कारण आत वाईचे कुणी पाहुणे चहा पीत होते. "आवं, जावई हायती ते!" असं मामी आतून ओरडत होत्या. "आसू दे की जावई," मामा म्हणाले, "आदी लाईन मोकळी होऊ दे."

निवृत्तीनंतर त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि आमच्या नात्यातल्या एकाही कार्याची त्यातून सुटका झाली नाही. बारसं, साखरपुडा, जागरण-गोंधळ, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं तरी मामा हजर. दर वेळी कॅमेरा उलटा करून पुढचा दिवा बघायचे, "लाईन क्लिअर" म्हणायचे आणि डोळा लावून अर्धा-अर्धा तास हलायचे नाहीत. एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांनाही त्यांनी बोहल्यापासून हटवलं होतं. अशा अकरा कॅसेटी झाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: "भाचीचं लग्न, कराड. सुरू १०.१२, बंद १०.५०." मामींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळून त्या ट्रंकेत ठेवलेल्या असायच्या, आणि त्यातली एकही मामांनी कधी लावून बघितली नव्हती. कुणी दाखवा म्हटलं की ते हात जोडायचे. "बघितलं की झिजतंय. एकदाच बघायचं, पण कामाच्या येळंला."

मामींचं आणि कॅमेऱ्याचं मात्र कधी जमलं नाही. एरवी त्या बोलायला लागल्या की चुलीवरचं दूध उतू जायचं. कॅमेरा दिसला की पदर नाकापर्यंत आणि तोंडाला कुलूप. घरातल्या एकुलत्या एका फोटोतसुद्धा त्यांनी ऐनवेळी मान फिरवलेली, त्यामुळे फोटोत अंबाडा तेवढा सुरेख आला होता. मामी गेल्या तेव्हा भिंतीवर काय लावायचं हा प्रश्नच पडला. मामा म्हणाले, "थांबा जरा. माज्याकडं हाय ती. अकरा कॅसेटीत कुटं ना कुटं हाय."

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा ट्रंक आणि कॅमेरा घेऊन ते आमच्याकडे सांगलीला आले. मी नवाच कॉम्प्युटर घेतला होता आणि कॅसेटवरचं चित्र आत घ्यायचं एक कार्ड त्यात बसवून घेतलं होतं. त्यातलं मला काय कळत होतं म्हणाल, तर पिवळी वायर पिवळ्यात घालायची एवढंच. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांनी चौकशी सुरू केली.

"जावईबापू, तिकडं माल उतरला म्हंजे हिकडची मालगाडीची वाघीण रिकामी व्हनार की."

"नाही मामा. कॅसेटमध्ये आहे ते तसंच राहतं."

"मग तिकडं काय जातंय?"

मी पिवळ्या वायरीचं टोक उलटसुलट करून बघितलं. खरंच, काय जातं?

"आन् मदीच लाईट गेली तर? वायरीत अडकून बसंल ती."

हिनं चहा आणला म्हणून मी वाचलो.

कराडच्या लग्नाची कॅसेट कॅमेऱ्यात घालून लावली. पडद्यावर मामांचे बूट आले. बूट बराच वेळ चालले. मग खुर्च्यांचे पाय, एक सांडलेली पत्रावळ, पुन्हा बूट. मी वायरी हलवल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसरी कॅसेट लावली, तर कुणाचं तरी जोतं आणि त्यावर बसलेली कोंबडी. तिसरीत नुसता अंधार आणि खडखड. दोष यंत्रात आहे, कॅसेटीत आहे की माझ्या डोक्यात, काही कळेना. मामा अस्वस्थ होऊन प्रत्येक चिठ्ठी घड्याळाशी ताडून बघत होते, जणू घड्याळच चुकलंय.

शेवटी मी त्यांना म्हटलं, "मामा, शूटिंग कसं करता ते एकदा दाखवा."

त्यांनी तिसरी कॅसेट काढून कॅमेऱ्यात कोरी घातली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. "ह्ये बगा, लाल. म्हंजे थांबला." पुन्हा बटण दाबलं, दिवा विझला. "लाईन क्लिअर!" असं म्हणून त्यांनी कॅमेरा माझ्यावर रोखला. "हला आता."

मी हललो नाही. सांगायला तर हवं होतं, म्हणून सांगितलं, की या यंत्रात लाल दिवा म्हणजे चालू, विझला म्हणजे बंद.

मामांनी बटण दाबलं, दिवा लागला; पुन्हा दाबलं, विझला. "नोकरीत एकदा न्हाई चुकलो," ते म्हणाले. "एकदा बी न्हाई. आन् तिच्याच येळंला सिग्नल उलटा वाचला." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. काहीतरी करायचं म्हणून मी ती अंधाराची कॅसेटच पुन्हा लावली.

खडखड चालूच होती. आणि त्या अंधारातून मामी बोलल्या.

"आवं, बंद हाय न्हवं त्ये?"

"बंद हाय गं," मामांचाच आवाज. "लाल लागलाय की."

"मग बरं. त्या व्याह्यांचा फेटा बगितला का? सारका डोळ्यावर येतोय. जेवताना आमटीऐवजी पान्यात पुरी बुडवली त्येंनी!" आणि मामी हसल्या, कॅमेऱ्यासमोर कधीच हसल्या नव्हत्या तशा. "थांबा, पिशवी द्या हिकडं. लाडू बांदून दिल्याती, तुमाला ठिवते."

कॅमेरा ठेवलेल्या पिशवीचं तोंड उघडलं. भसकन उजेड आला, त्यात बांगड्या भरलेला हात, आणि लाडूंना जागा आहे का बघायला मामी आत डोकावल्या. पदर खांद्यावर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हसू अजून ओसरलेलं नाही. सरळ आमच्याकडे बघत होत्या. मग पुरचुंडी आली आणि पुन्हा अंधार झाला.

ही तोंडाला पदर लावून रडत होती. मीही काही वेगळं करत नव्हतो.

तेवढा भाग मी कॉम्प्युटरवर घ्यायला लागलो, तर मामांनी माझं मनगट धरलं. "हिकडची जानार न्हाई न्हवं?" मी शपथ घेतली. काम झाल्यावर कॉम्प्युटरवर दाखवल्या, मामी डोकावल्या. कॅसेट मागं घेऊन कॅमेऱ्याच्या भिंगातून दाखवल्या, तिथंही डोकावल्या. मामांनी दोन्हीकडे तीनतीनदा बघितलं. झिजण्याचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

"तिकडं बी हाय," ते म्हणाले.

"हो."

"हिकडं बी हाय."

"हो, मामा."

"मग घरात का न्हाई?"

मी वायरी काढून गुंडाळत राहिलो. मामांनी ती कॅसेट लुगड्याच्या फडक्यात बांधली, कॅमेरा उलटा करून दिवा विझलेला आहे ना ते बघितलं, आणि "विझला म्हंजे बंद, विझला म्हंजे बंद," असं स्वतःलाच सांगत स्टेशनावर जायला उठले.